शर्कराग्राही प्रथिने : रोगप्रतिकार आणि कर्करोग

पावसाळा सरला म्हणजे डहाणू व तलासरी या तालुक्यांतील माळांवर आणि डोंगरउतारांवर गवत कापणीस येते. येथील गवत पूर्वीपासून मुंबईच्या बाजारात जात आलेले आहे. किंबहुना गवतकापणीचा दर हा १९४५-४६ सालच्या वारली लढ्यातील एक प्रमुख प्रश्न होता. कापलेले गवत किंवा भाताचा पेंढा ओलसर राहून गंजीच्या आत तापू लागला की त्यावर बुरशी धरते. अशा बुरशींपैकी अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस ही एक होय. तिची बीजुके अवघी दोन ते तीन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुप्पट-तिप्पट एवढ्या व्यासाची असतात. पेंढा हलविताना ती धुळीबरोबर उडतात, आणि नाकातील केस व घशातील श्लेष्मा यांच्या पहाऱ्यातून निसटून फुफ्फुसातील वायुकोशांपर्यंत पोचतात. गंजीवर काम करणाऱ्याच्या छातीत ती मोठ्या प्रमाणात जात असली, तरी शहरातील माणसाच्या श्वासातूनही ती रोज जातच असतात. असे असता बहुसंख्य माणसे त्यांमुळे आजारी पडत नाहीत, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. बीजुकाविरुद्ध विशिष्ट प्रतिपिंडे तयार होण्यास काही दिवस लागतात; बीजुकाला अंकुर फुटण्यास मात्र काही तासच पुरतात. मधल्या अवधीत परक्याला ओळखून धरण्याचे काम शरीरातील जी द्रव्ये करतात, त्यांमध्ये शर्करेला चिकटणारी काही प्रथिने आहेत. त्यांना लेक्टिने म्हणतात. प्रस्तुत लेखाचा विषय ती आहेत.

शर्करा म्हटली की साखर, गूळ, फार तर घोलवडचा चिकू डोळ्यांपुढे येतो. अन्न व इंधन एवढेच शर्करेचे कार्य असावे अशी समजूत त्यामुळे होते. वस्तुतः प्रत्येक जिवंत पेशीच्या पृष्ठभागावर शर्करारेणूंच्या आखूड, फांद्या फुटलेल्या साखळ्यांचे दाट आवरण असते. प्रथिनांची साखळी एका रेषेत वाढते. शर्करेची साखळी मात्र एकाच रेणूपासून दोन-तीन दिशांना फुटू शकते, आणि दोन शर्करा एकमेकींना निरनिराळ्या कोपऱ्यांनी जोडल्या जाऊ शकतात. त्यामुळे ग्लुकोज, गॅलॅक्टोज, मॅनोज, फ्युकोज, सियालिक आम्ल अशा मोजक्या घटकांपासूनही असंख्य आकृत्या उत्पन्न होतात. बुरशीचे आवरण वेगळे, जंतूचे वेगळे, माणसाच्या तांबड्या रक्तपेशीचे वेगळे, आणि तीच मानवी पेशी कर्करोगग्रस्त झाली की तिचेही आवरण बदलते. लेक्टिने जे वाचतात ते हे आवरण होय.

या प्रथिनांचा शोध प्रथम वनस्पतींत लागला, आणि तोही विषांचा अभ्यास करीत असता. १८८८ साली डोर्पाट येथील विद्यापीठात हेर्मान स्टिलमार्क यांनी एरंडाच्या बियांतून एक विषारी प्रथिन वेगळे केले व त्यामुळे रक्तपेशींचे समूहन होते, म्हणजे त्या एकमेकींना चिकटून त्यांचे गोळे बनतात, असे दाखविले. हेच रिसिन. लवकरच गुंजेच्या बियांतही तशाच जातीचे विष, अ‍ॅब्रिन, आढळले. एरंड आणि गुंज या दोन्ही वनस्पती डहाणू-तलासरीच्या बांधांवर व कुंपणांवर सहज दिसणाऱ्या आहेत. रिसिनचा रेणू दोन भागांचा असतो. एक भाग पेशीवरील गॅलॅक्टोज शर्करेला पकडतो व त्या आधाराने रेणू आत शिरतो. दुसरा भाग प्रथिने बनविणाऱ्या रायबोसोमांतील एक ठराविक घटक तोडून टाकतो. आत शिरलेला एकच रेणू मिनिटाला हजाराहून अधिक रायबोसोम निकामी करू शकतो. गुंजेचे अख्खे बी कठीण कवचामुळे पुष्कळदा न पचता बाहेर पडते. परंतु चावलेले किंवा कुटलेले बी प्राणघातक ठरू शकते, हे लहान मुले असलेल्या घरांनी लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

या विषांनीच रोगप्रतिकारशास्त्राला एक मूलभूत नियम दिला. पाउल एर्लिख यांनी १८९१ साली उंदरांना रिसिन अत्यल्प मात्रेपासून क्रमाने वाढवीत दिले, तेव्हा ते उंदीर एरवी मारक ठरणारी मात्रा पचवू लागले. मात्र अ‍ॅब्रिनपासून त्यांना संरक्षण मिळाले नाही. अ‍ॅब्रिनने तयार केलेले उंदीर उलट रिसिनला बळी पडत. प्रतिकार हा विशिष्ट असतो, एका शत्रूविरुद्धची तयारी दुसऱ्याविरुद्ध चालत नाही, ही गोष्ट इतक्या स्वच्छपणे गुंज आणि एरंड यांच्या बियांनी सिद्ध केली. ‘लेक्टिन’ हे नाव बरेच उशिरा, १९५४ साली, विल्यम बॉइड व एलिझाबेथ शॅप्ले यांनी सुचविले. निवडणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून ते बनविले आहे.

ही निवड किती सूक्ष्म असते याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात आहे. भारतीय लष्कराच्या वैद्यकीय सेवेत असलेले रक्तशास्त्रज्ञ जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात असे प्रसिद्ध केले की कुळथाच्या बियांचा अर्क विशिष्ट मानवी रक्तपेशींचेच समूहन करतो. पुढील वर्षी त्यांनी दाखविले की योग्य प्रमाणात विरल केलेला हा अर्क ए-१ उपगटाच्या पेशी गोळा करतो, ए-२ च्या करीत नाही. कुळथातील लेक्टिन साखळीच्या टोकाशी असलेल्या अ‍ॅसिटिल-गॅलॅक्टोसामिन या शर्करेला धरते. ती शर्करा हीच ए गटाची खूण, आणि ए-१ पेशींवर ती अधिक दाट असते. ज्या कुळथाची पिठी कोकणातील घरोघरी होते, त्याच्याच अर्काची बाटली पुढे जगभरच्या रक्तपेढ्यांत जाऊन बसली.

नेमक्या त्याच सुमारास, १९५२ साली, मुंबईचे भेंडे, देशपांडे व भाटिया यांनी इंग्लंडमधील सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाचे वर्णन केले. त्यालाच आज ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणतात. ए व बी या दोन्ही खुणा ज्या पायावर उभ्या राहतात, तो एच नावाचा पाया, म्हणजे गॅलॅक्टोजला जोडलेले फ्युकोज, या व्यक्तींच्या पेशींवर नसतो. साध्या तपासणीत त्यांचे रक्त ओ गटाचे भासते. पण ओ गटाचे रक्त दिल्यास त्यांच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडे त्या रक्तावर तुटून पडतात, आणि रुग्ण दगावू शकतो. एच ही खूण ओळखणारे युलेक्स नावाच्या युरोपीय झुडुपाचे लेक्टिन अशा वेळी खरा गट दाखवून देते. एका फ्युकोजच्या असण्या-नसण्यावर जीव अवलंबून राहतो, याहून शर्कराखुणांच्या महत्त्वाचा पुरावा क्वचितच सापडेल.

बर्ड यांचा दुसरा शोध कर्करोगाच्या अधिक जवळ नेणारा आहे. जंतूंचा संसर्ग झालेले जुने रक्त कोणत्याही माणसाच्या रक्तद्रवाने गोळा होते, असे थॉमसन यांनी १९२७ साली नोंदविले व १९३० साली फ्रीडनराइख यांनी त्याचा उलगडा केला. जंतूंचे वितंचक पेशीवरील सियालिक आम्ल छाटून टाकते, आणि एरवी झाकलेली एक खूण उघडी पडते. तिला टी प्रतिजन म्हणतात. १९६४ साली बर्ड यांनी दाखविले की भुईमुगाच्या दाण्यातील लेक्टिन हे टी प्रतिजन नेमके ओळखते. पुढे जॉर्ज स्प्रिंगर यांच्या संशोधनातून असे आढळले की हीच खूण बहुसंख्य कर्करोगांच्या पेशींवर उघडी असते. निरोगी पेशी आपल्या साखळ्या पूर्ण करून टोके झाकून घेते. कर्कपेशीचे हे काम अर्धवट राहते. भुईमुगाच्या लेक्टिनाची त्रिमितीय रचना, तसेच फणसाच्या आठळीतील जॅकलिन या लेक्टिनाची रचना, बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम्. विजयन् यांच्या गटाने अनुक्रमे १९९४ व १९९६ साली उलगडली. जॅकलिनही टी प्रतिजनाला चिकटते.

येथे थोडे विषयांतर करणे अवश्य आहे. कडधान्यांत लेक्टिने असतात, म्हणून कडधान्ये खाऊच नयेत, असा एक प्रचार अलीकडे ऐकू येतो. कच्चा किंवा अर्धा शिजलेला राजमा खाल्ल्याने जोराच्या उलट्या व जुलाब होतात हे खरे आहे, व त्याचे कारण त्यातील लेक्टिन हेच आहे. परंतु भिजवून, पाणी टाकून, नंतर खळखळत्या पाण्यात निदान दहा मिनिटे उकळल्यास ते नष्ट होते. नेहमीच्या आमटीला याहून अधिक वेळ लागतो. ज्या तालुक्यांत उडीद, वाल, तूर आणि कुळीथ हाच गरीब कुटुंबांच्या ताटातील प्रथिनांचा मोठा आधार आहे, आणि बालकांचे कुपोषण हा जेथे जुना प्रश्न आहे, तेथे असल्या प्रचाराने होणारी हानी लेक्टिनांनी होणाऱ्या हानीपेक्षा कितीतरी मोठी ठरेल.

वनस्पतींतील लेक्टिने मानवी शरीराच्या दृष्टीने बाहेरची साधने होत. मानवी शरीर स्वतःची लेक्टिनेही बनविते. यकृतात तयार होऊन रक्तात फिरणारे मॅनोजग्राही लेक्टिन हे त्यांपैकी एक आहे. मॅनोजची दाट रास यीस्टच्या भित्तीवर असते. डहाणूकडे ताडाच्या व शिंदीच्या रसाची ताडी ज्याने आंबते, ते हेच यीस्ट होय. काही बालकांना वारंवार जंतुसंसर्ग होतो व त्यांच्या रक्तद्रवाच्या साहाय्याने भक्षक पेशी यीस्ट गिळू शकत नाहीत, हे १९६८ पासून ठाऊक होते. यामागे मॅनोजग्राही लेक्टिनाची उणीव आहे, हे १९८९ साली स्पष्ट झाले. हे लेक्टिन यीस्टला चिकटले की रक्तातील पूरक प्रथिनांची साखळी जागी होते, आणि भक्षक पेशींना भक्ष्याची खूण पटते. ही उणीव अनेक समाजांत आढळते. मोठेपणी ती बहुधा जाणवतही नाही. परंतु आईकडून मिळालेली प्रतिपिंडे संपलेली आणि स्वतःची अजून पुरी न झालेली, अशा सहा ते अठरा महिन्यांच्या वयात तिचे महत्त्व वाढते. अंगावरचे दूध कमी होऊन वरचे अन्न सुरू होण्याचे वय तेच.

लेक्टिनाची शर्करेवरील एक पकड अगदी दुर्बल असते. तिला बळ येते ते संख्येने. याचे उत्कृष्ट उदाहरण फुफ्फुसातील सर्फॅक्टंट प्रथिन ‘डी’ हे होय. त्याच्या तीन साखळ्या एकत्र वळल्या जाऊन एक दांडा बनतो. दांड्याच्या टोकाशी शर्करा पकडणारी तीन डोकी असतात. असे चार दांडे मध्यभागी जोडले जाऊन क्रुसासारखी आकृती तयार होते. म्हणजे एका रेणूला बारा पकडी झाल्या. पकडीसाठी कॅल्शियम लागते. मानवी पेशींच्या साखळ्या बहुधा गॅलॅक्टोज व सियालिक आम्ल यांनी संपतात व ती या डोक्यांना फारशी रुचत नाहीत. मॅनोज किंवा ग्लुकोज यांची दाट, नियमित मांडणी असलेला जंतूंचा अथवा बुरशीचा पृष्ठभाग मात्र एकाच वेळी अनेक पकडींत सापडतो. आपले व परके यांतील भेद येथे एखाद्या खुणेने नव्हे, तर खुणांच्या जातीने व दाटीने ठरतो.

गवताच्या गंजीचा प्रश्न येथे पुन्हा उपस्थित होतो. १९९७ साली तरुणा मदन व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की फुफ्फुसातील ‘ए’ आणि ‘डी’ ही दोन्ही सर्फॅक्टंट प्रथिने अ‍ॅस्परजिलसच्या बीजुकांना चिकटतात व भक्षक पेशींकडून ती गिळली व मारली जाण्यास साहाय्य करतात. २००१ साली याच गटाने, उदय किशोर, केनेथ रीड, पी. उषा सरमा आदींच्या सहकार्याने, उंदरांवरील प्रयोगांत असे सिद्ध केले की ही प्रथिने बाहेरून दिल्यास त्याच बुरशीमुळे उद्भवणारा फुफ्फुसाचा अतिसंवेदी विकार सौम्य होतो. या दुसऱ्या निष्कर्षाचे मोल अधिक आहे. पहिल्यावरून हे प्रथिन केवळ मारेकऱ्याचा साथीदार वाटावे. दुसऱ्यावरून ते दाहाला आवर घालणारेही आहे असे दिसते. दम्याच्या रोग्यात बुरशीपेक्षा बुरशीविरुद्धचा शरीराचा अतिरेकच पुष्कळदा जास्त घात करतो.

सर्वच शर्कराग्राही प्रथिने माणसाच्या बाजूने लढतात असे मात्र नाही. क्षयाच्या जंतूच्या आवरणावर मॅनोजची टोपी घातलेले एक मोठे द्रव्य असते. भक्षक पेशीवरील मॅनोजग्राहक त्याला धरतो आणि जंतूला आत घेतो. जंतूला नेमके तेच हवे असते, कारण तो भक्षक पेशीच्या पोटातच राहतो. ‘ए’ प्रथिन या प्रवेशाला हातभार लावते, ‘डी’ त्याला अडथळा करते. एकाच कुळातील दोन प्रथिनांची ही विरुद्ध वागणूक शास्त्रज्ञांना सावध करणारी आहे.

अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या बाबतीत या ज्ञानाचा प्रत्यक्ष उपयोग संभवतो. फुफ्फुसाला उघडे ठेवणारा सर्फॅक्टंट गर्भात सुमारे चोविसाव्या आठवड्यापासून बनू लागतो व चौतीस-पस्तीस आठवड्यांपर्यंत पुरेसा होतो. त्यापूर्वी जन्मलेल्या बालकाला गाईच्या किंवा डुकराच्या फुफ्फुसातून काढलेला सर्फॅक्टंट श्वासनलिकेतून देतात. १९८० साली फुजिवारा यांनी प्रथम यशस्वी केलेल्या या उपचाराने अगणित बालके वाचली आहेत. मात्र हे औषध शुद्ध करताना ‘ए’ व ‘डी’ ही जलविद्राव्य प्रथिने निघून जातात. म्हणजे फुफ्फुस फुगते, पण त्याचा पहारेकरी परत येत नाही. कृत्रिम रीतीने बनविलेले ‘डी’ प्रथिन अशा बालकांना देऊन पाहण्याच्या चाचण्या आता माणसांवर झाल्या आहेत.

कर्करोगाच्या संदर्भात लेक्टिनांचे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. गॅलेक्टिन-३ हे मानवी लेक्टिन कर्कपेशीवरील उघड्या टी प्रतिजनाला धरते व रक्तातून वाहत जाणाऱ्या त्या पेशीला रक्तवाहिनीच्या अस्तराशी चिकटण्यास मदत करते. रोग दूरच्या अवयवात रुजण्याची ही एक पायरी आहे. गॅलेक्टिन-१ कर्कपेशींकडून बाहेर सोडले जाते व हल्ला करण्यास आलेल्या टी-लसिका पेशींनाच मारते. काही कर्कपेशी याच्या उलट मार्ग धरतात. त्या सियालिक आम्लाचे जाड पांघरूण घेतात. रोगप्रतिकारक पेशींवरील सिग्लेक नावाची लेक्टिने सियालिक आम्ल दिसले की ‘ही आपली पेशी’ असे समजून हल्ला थांबवितात. खूण उघडी टाकणे आणि खूण झाकणे, दोन्हींचा लाभ कर्करोग घेतो.

या पार्श्वभूमीवर मुंबईतील परळ येथील राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत झालेल्या कामाकडे पाहावे लागेल. ही संस्था भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची असून तरुणा मदन यांनी तेथे ‘डी’ प्रथिनाचा अभ्यास पुढे चालविला. हे प्रथिन फुफ्फुसापुरते मर्यादित नाही. स्त्री-पुरुषांच्या प्रजननमार्गांत व पुरःस्थ ग्रंथीतही ते असते. या गटाने प्रथिनाची मान व शर्करा पकडणारी डोकी एवढाच तुकडा जीवाणूंकडून तयार करवून घेतला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या तुकड्याने श्वेतपेशींच्या एका कर्कजातीच्या पेशींत पी-५३ या प्रथिनाच्या मार्गाने आत्मनाश घडवून आणला. २०१९ साली पुरःस्थ ग्रंथीच्या कर्कपेशींवरही तसाच परिणाम नोंदला गेला. त्यांत पुरुष-संप्रेरकावर अवलंबून असणाऱ्या व नसणाऱ्या, अशा दोन्ही प्रकारच्या पेशी होत्या. दुसऱ्या प्रकारावर नेहमीचा संप्रेरकरोधक उपचार चालत नाही, म्हणून या निष्कर्षाकडे विशेष लक्ष वेधले गेले. जपानमधील संशोधकांनी २०१५ साली फुफ्फुसाच्या कर्कपेशींत निराळीच यंत्रणा दाखविली: ‘डी’ प्रथिन पेशीवरील वाढीचा संदेश घेणाऱ्या ग्राहकाच्या शर्करांना चिकटते, त्यामुळे संदेश पोचत नाही.

एवढ्यावरून औषध सापडले असे म्हणणे घाईचे होईल. काचपात्रातील पेशी मरणे आणि रुग्ण बरा होणे यांत फार मोठे अंतर आहे. बारा पकडींचे मोठे प्रथिन गाठीच्या आतपर्यंत कसे पोचवावे, निरोगी ऊतकांतील शर्करांनी ते वाटेतच अडविले तर काय, गाठीभोवतीचा द्रव त्याचे कार्य उलटवील काय, हे प्रश्न खुले आहेत. औषधापेक्षा निदान हे क्षेत्र लेक्टिनांना अधिक जवळचे आहे, असे आजवरच्या अनुभवावरून दिसते.

त्या दृष्टीने डहाणूचे महत्त्व आहे. परळच्या संस्थेचे आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र डहाणू येथे आहे. प्रयोगशाळेत सिद्ध झालेली पद्धती खेड्यात टिकते की नाही हे पाहणे, हा अशा केंद्रांचा हेतू होय. लेक्टिनांवर आधारलेली तपासणी येथे टिकायची, तर प्रथिन उन्हाळ्यातील उष्म्यात शाबूत राहिले पाहिजे, बोटाच्या टोकावरील रक्ताच्या थेंबावर काम भागले पाहिजे, आणि पाड्यापासून तालुक्याच्या रुग्णालयापर्यंतचा प्रवास एकाहून अधिक वेळा करावा लागता कामा नये; कारण त्या प्रवासाचा अर्थ एक बुडालेली मजुरी असा होतो.

अशा तपासणीचा एक नमुना अस्तित्वात आहे, आणि तोही कडधान्याचाच. ओल्या भुईमुगावर व धान्यावर वाढणारी अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी, गंजीतील बुरशीची सख्खी बहीण, अफ्लाटॉक्सिन नावाचे विष बनविते. ते विष व कावीळ-बी चा विषाणू एकत्र आले की यकृताच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ वाढतो. यकृताच्या विकारात रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन वाढते. पण ते साध्या यकृतदाहातही वाढते, त्यामुळे केवळ प्रमाणावरून निर्णय करता येत नाही. कर्कपेशीतून आलेल्या या प्रथिनाच्या शर्करासाखळीच्या बुडाशी एक जादा फ्युकोज असते, व मसुरीचे लेक्टिन ते ओळखते. मसुरीला चिकटणारा अंश एकंदर प्रमाणाच्या दहा टक्क्यांहून अधिक आढळला, तर वैद्य कर्करोगाचा संशय धरून पुढील तपासण्या करतात.